पिल्लू पिंजऱ्यात, घरचे कामावर

मागच्या महिन्यातील गोष्ट. संध्याकाळची ओपीडी आटोपत आली असताना एक शिक्षिका बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाच्या बोटाला हळद लावून वर चिंधी गुंडाळली होती. चिंधी सोडली तर दोन बारीक टोचल्यासारख्या जखमा दिसल्या.

"डॉक्टर, दारात बोट सापडले म्हणतो," बाई म्हणाल्या.

मी मुलाकडे पाहिले. तो खाली मान घालून बसला होता. दारात सापडलेले बोट कसे दिसते हे पंचवीस-सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. "घरात मांजर, कुत्रा काही आहे का?" असे विचारताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "पिल्लाला परत पाठवणार नाही ना?" एवढेच तो म्हणाला.

मग सगळे कळले. बाईंची शाळा गावाबाहेर, त्यांचे यजमान बँकेत. सकाळी दहाला दोघेही बाहेर पडतात ते साडेपाचपर्यंत. मुलगा दुपारी शाळेतून आला की शेजारच्या काकूंकडे असतो. त्याच्या हट्टासाठी महिन्यापूर्वी मामाच्या शेतावरून एक पिल्लू आणले होते. तेव्हा ते दीड महिन्याचे होते. एकटे असताना घरभर घाण करते म्हणून त्याच्यासाठी लोखंडी पिंजरा करून घेतला आणि रोज साडेसात तास त्यात ते बंद राहू लागले. आदल्या दिवशी दुपारी मुलाने काकूंकडून किल्ली घेऊन घर उघडले. पिल्लू आपल्याच लघवीत भिजून ओरडत होते. पिंजऱ्याचे दार उघडताच ते अंगावर झेपावले, मुलगा घाबरून हात मागे ओढू लागला आणि दात बोटात रुतले. थेंबभर रक्त आले. पिल्लू जाईल या भीतीने त्याने काकूंना दाराची गोष्ट सांगितली.

"अहो, पण ते अडीच महिन्यांचे पिल्लू आहे. त्याला अजून दुधाचे दात आहेत," बाई म्हणाल्या. हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्यासाठीच आजचा लेख.

पिल्लाचा दात हाही कुत्र्याचाच दात

रेबीज हा रोग लाळेतून पसरतो. लाळेला दात दुधाचा की पक्का याच्याशी कर्तव्य नसते. पिसाळलेल्या कुत्र्याने पिल्लाला चावा घेतला असेल तर पिल्लालाही रेबीज होतो, आणि पिल्लाची रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला दिली जाते. म्हणजे ज्या वयात पिल्लू सर्वांत जास्त चावते, त्याच वयात त्याला लसीचे संरक्षण नसते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर उपचार झाले तर तो टाळता येतो.

दात लागला की पहिले काम म्हणजे नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटे जखम धुणे. हळद, चुना, मिरचीपूड, तेल यांतील काहीही लावू नये. जखम बांधू नये. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर लस पुरते. रक्त आले असेल, किंवा आधीच असलेल्या जखमेवर अथवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत व तिच्या सभोवती सिरमही द्यावे लागते. दंडावर कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. स्नायूत दिल्यास १४ व्या दिवशी आणखी एक, असे एकूण पाच डोस होतात. पोटातील १४ इंजेक्शनांची धास्ती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवायचे असते, पण "दहा दिवस पाहू, मग लस घेऊ" असे मात्र कधीही करू नये. लस लगेच सुरू करायची आणि त्याच वेळी कुत्र्यावर लक्षही ठेवायचे. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर पुढील डोसांचा निर्णय डॉक्टर घेतात.

त्या मुलाला धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, लस सुरू केली आणि सिरमसाठी चिठ्ठी देऊन त्याच रात्री जिल्हा रुग्णालयात पाठवले.

माझी स्वतःची चूक

बाईंना दोष देण्याचा मला अधिकार नाही. १९९९ साली मी दवाखाना नुकताच सुरू केला होता आणि आमच्या सौ. शाळेत नोकरी करीत होत्या. आम्ही एक अल्सेशियनचे पिल्लू आणले. पिंजरा वगैरे आम्हाला ठाऊक नव्हते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते पडवीत साखळीला असे. वर्षभरात फाटक वाजले की ते पिसाटासारखे अंगावर धावून जाऊ लागले. एके दिवशी साखळीची कडी निसटली आणि पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. मी बाजारातून नवी लस आणून त्याला स्वतः टोचली. जखम भरली, पण तो मुलगा पुन्हा कधी फाटकाच्या आत आला नाही, पेपर रस्त्यावरूनच फेकीत असे. पुढे ते कुत्रे ओळखीच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकावे लागले. दोष कुत्र्याचा नव्हता. दिवसभर एकटे बांधून ठेवलेले कुत्रे भित्रे तरी होते नाही तर चावरे तरी, हे एका पशुवैद्य स्नेह्याने मला नंतर समजावून सांगितले. पुढची माहिती बरीचशी त्यांच्याकडून आणि नंतर पाळलेल्या दोन कुत्र्यांकडून शिकलेली आहे.

पिंजरा कशासाठी?

क्रेट म्हटले की आपल्याला टोमॅटोचे किंवा सोडावॉटरच्या बाटल्यांचे क्रेट आठवते. कुत्र्याच्या पिंजऱ्यालाही हाच शब्द आता रूढ झाला आहे. त्यामागील तत्त्व सोपे आहे. पिल्लू आपण झोपतो ती जागा होता होईल तो घाण करीत नाही. पिंजरा ही त्याची झोपण्याची जागा झाली की ते लघवी रोखायला शिकते, आणि बाहेर काढताच ठरलेल्या जागी करते. पिंजरा एवढाच असावा की पिल्लाला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे. फार मोठा असला तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर मोठा पिंजरा घेऊन मध्ये फळी लावावी.

पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचे दार उघडेच ठेवावे. आत जुनी गोधडी घालावी आणि जेवण आतच द्यावे. पिल्लू आपणहून जाऊ-येऊ लागले की जेवताना एक मिनिट दार लावावे, मग पाच, मग पंधरा. अर्धा तास शांत राहते असे दिसल्यावरच घराबाहेर जाण्याचा सराव करावा. म्हणजे पहिला आठवडाभर घरातील कोणीतरी रजा काढणे भाग आहे. सोमवारी पिल्लू आणून मंगळवारी कामावर जाणे बरोबर नाही. रात्री पिंजरा आपल्या अंथरुणाजवळ ठेवावा. मध्यरात्री ते कुंईकुंई करू लागले तर मुकाट्याने लघवीला नेऊन परत ठेवावे, त्या वेळी खेळू नये.

आत ठेवताना गळ्यातील पट्टा काढावा, तो गजात अडकून फास बसू शकतो. पिंजरा पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करते. आपल्याकडील एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत पिल्लू उष्माघाताने दगावू शकते. पाण्याचे भांडे गजाला अडकवावे. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कधीही कोंडू नये.

खरा प्रश्न घड्याळाचा

पिल्लू किती वेळ लघवी रोखू शकते? ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत असताना. सहा महिन्यांपर्यंत दिवसा एका वेळी चार तासांहून अधिक कोंडूच नये. नोकरी मात्र आठ तासांची असते. हे गणित पिंजऱ्याने सुटत नाही, त्याला माणूस लागतो.

जास्त वेळ कोंडले तर पिल्लाला आत घाण करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आठवडाभर असे झाले की झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची त्याची मूळ सवय मोडते आणि ती पुन्हा लावणे फार अवघड जाते. शिवाय दिवसभराची सगळी धडपड संध्याकाळी पहिल्या दिसेल त्या माणसावर निघते. तो माणूस बहुधा घरातील लहान मूल असते. आपल्याकडील १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदाही सांगतो की सदैव बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो गुन्हा आहे.

दोघेही नोकरीला जात असतील तर दिवस असा बसवावा. सकाळी उठल्याबरोबर पिल्लाला बाहेर न्यावे, मग खाणे, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बाहेर. निघण्यापूर्वी अर्धा तास चांगले खेळवावे, म्हणजे ते झोपी जाते. या वयाचे पिल्लू दिवसाकाठी १८ ते २० तास झोपते, त्यामुळे झोपेपुरता पिंजरा त्याला जाचत नाही. त्यानंतर दर अडीच-तीन तासांनी कोणीतरी यावे, बाहेर न्यावे, दहा मिनिटे खेळवावे. मोठ्या शहरात हे कठीण आहे. आपल्या गावात ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर असते, हा आपला मोठा फायदा आहे.

असे कोणी मिळतच नसेल तर पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून भोवती पडवीचा किंवा मोरीजवळचा तुकडा फळ्यांनी अडवावा आणि दूरच्या टोकाला वर्तमानपत्रे पसरावीत. सवय उशिरा लागते, पण पिल्लाचे हाल होत नाहीत. आत घाण झाली तर मारू नये, नाक घासू नये. त्यातून ते एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करायची नाही, आणि मग ते पलंगाखाली जाऊन करते.

चावण्याची खोड आणि जंत

भावंडांत खेळताना जोरात चावले की दुसरे पिल्लू कळवळते आणि खेळ थांबवते. किती जोरात चावायचे हे पिल्लू असेच शिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकण्यास बंदीच आहे. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात आणि हिरड्या शिवशिवतात. तेव्हा चावायला रबरी खेळणे किंवा ओल्या फडक्याची गाठ द्यावी, हाताची बोटे देऊ नयेत. पिल्लू चावले की खेळ थांबवून उठून जावे.

बहुतेक पिल्लांना आईकडूनच जंत येतात. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली तर यकृताला, क्वचित डोळ्यालाही इजा होते. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचे औषध द्यावे. त्याची विष्ठा रोजच्या रोज उचलावी, कारण ही अंडी बाधक व्हायला काही आठवडे लागतात. पिल्लाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

पुढे काय झाले

तिसऱ्या डोसाला मुलगा आला तेव्हा वडीलही बरोबर होते. आता धुणेभांडी करणाऱ्या मावशी बारा वाजता पिल्लाला अंगणात नेतात, वडील पावणेदोनला जेवायला घरी येतात आणि चारच्या सुमारास चहाआधी शेजारच्या काकू दार उघडतात. काकूंना कुत्री मुळीच आवडत नसत, असे मुलाने मला हळूच सांगितले. दहा दिवस उलटून गेले होते आणि पिल्लू ठणठणीत होते, तरी आईवडिलांशी बोलून २८ व्या दिवसाचा डोस मी दिलाच. पिल्लाची पहिली लसही नुकतीच झाली आहे.

ज्यांच्या घरी पिल्लू आणायचे चालले आहे त्यांनी आधी एका कागदावर लिहावे: दुपारी बारा, दोन आणि चार वाजता त्याच्याजवळ कोण असेल? तीन नावे लिहिता आली तर जरूर आणावे. नाही आली तर एखादे दोन-तीन वर्षांचे शांत, लस टोचलेले कुत्रे सांभाळायला घ्यावे, किंवा काही वर्षे थांबावे. आणि मुलांना आजच सांगून ठेवावे की पिल्लाचा दात लागला तर लपवू नका, तुम्हाला कोणी रागावणार नाही आणि पिल्लालाही कोणी हाकलणार नाही.