ओसरत्या साथीची भूल

सोमवार, १ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या उपनगरी लोकल गाड्या दहा महिन्यांहून अधिक काळानंतर सर्वसामान्य प्रवाशांसाठी सुरू झाल्या. सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर, अशा अडचणीच्या वेळा सरकारने नेमून दिल्या होत्या. तरीही या शहराने त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला, हे मान्य केले पाहिजे. त्या सुमारास राज्यात दिवसाकाठी सापडणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या दोन हजारांच्या आसपास आली होती आणि मुंबईत ती तीन-चारशेंवर होती. पाडव्याच्या मुहूर्तावर, म्हणजे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, देवळे उघडली होती. १५ जानेवारीला राज्यातील हजारो ग्रामपंचायतींचे मतदान पार पडले होते आणि दुसऱ्याच दिवशी लसीकरणास आरंभ झाला होता. दिवाळी होऊन गेली, निवडणुका झाल्या, तरी काही अघटित घडले नाही. तेव्हा साथ सरली, असा निष्कर्ष सरकारने काढला आणि जनतेनेही काढला. या बाबतीत राज्यकर्ते व प्रजा यांच्यात क्वचितच दिसणारे एकमत झाले होते.

पुढे काय झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु तारखांचा क्रम बहुतेकांच्या मनात पुसट झाला असावा, म्हणून तो येथे मांडणे अवश्य वाटते. २१ फेब्रुवारीला, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांनी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना जनतेसमोर येऊन टाळेबंदीचा इशारा द्यावा लागला. दुसऱ्या दिवसापासून अमरावती शहर व अचलपूर येथे टाळेबंदी सुरू झालीच. १५ मार्चला नागपूर बंद झाले. ४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण सापडले. १४ एप्रिलच्या रात्री आठ वाजता सारे राज्य पुन्हा बंद झाले आणि १८ एप्रिलला राज्यातील एका दिवसाचा आकडा ६८,६३१ वर गेला. ज्या लोकल फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी सर्वांसाठी उघडल्या होत्या, त्या एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात पुन्हा अत्यावश्यक सेवेपुरत्या राहिल्या. रुग्णालयांत खाट नाही, खाट मिळाली तर प्राणवायू नाही, अशा अवस्थेत त्या महिन्यात माणसे गेली. तो तपशील येथे उगाळण्याची गरज नाही; ज्या घरांत तो घडला, तेथे तो अजून कोणी विसरलेले नाही.

आता दोष कोणाचा? लोकल उघडल्या म्हणून साथ उसळली, हे उत्तर त्या वेळी सर्वत्र ऐकू येत होते आणि आजही ऐकू येते. ते सोपे आहे. पण पुरते खरे नाही. उसळीची पहिली चिन्हे मुंबईत दिसलीच नाहीत. ती दिसली अमरावती, अकोला, यवतमाळ या वऱ्हाडातील जिल्ह्यांत, जेथे उपनगरी लोकल धावत नाही. मुंबईच्या लोकलमुळे अचलपूर बंद करावे लागले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तेथे लग्नसराई होती, ग्रामपंचायतींच्या विजयाच्या मिरवणुका निघाल्या होत्या, उतरलेल्या मुखपट्ट्या होत्या. आणि या सर्वांच्या जोडीला, तोवर कोणाच्या ध्यानी न आलेला, विषाणूचा एक नवा अवतार होता. निर्बंध सैल होणे व विषाणू बदलणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्यांपैकी कोणतीही एक घडली असती तर काय झाले असते, याचे गणित मांडता येईल, पण पडताळता येणार नाही.

तरीही एक साधे गणित वाचकांनी करून पाहावे. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते, यावर साथीची सारी गती अवलंबून असते. शंभर रुग्णांपासून नव्वद जणांना होत असेल, तर साथ ओसरते. सव्वाशे जणांना होत असेल, तर ती वाढते. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास सुमारे पाच दिवस धरले, तर अडीच महिन्यांत अशा पंधरा फेऱ्या होतात. पहिल्या हिशेबाने शंभराचे वीस उरतात. दुसऱ्या हिशेबाने शंभराचे अठ्ठावीसशे होतात. नव्वद आणि सव्वाशे यांतील अंतर म्हणजे घरटी एखादे लग्न, आठवड्यातून एखादी मेजवानी, कचेरीतील बंद खिडकी. महाराष्ट्रात १ फेब्रुवारीपासून १८ एप्रिलपर्यंत, म्हणजे शहात्तर दिवसांत, दैनंदिन आकडा सुमारे चौतीस पटींनी वाढला. सव्वाशेहून किंचितच अधिक अशा गुणोत्तराने तो तेथवर पोचतो. एवढ्या मोठ्या अनर्थाला एवढे लहान कारण पुरते, ही गोष्ट मनाला पटत नाही, आणि म्हणूनच आपण एखादा मोठा अपराधी शोधत बसतो.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास चार-पाच दिवस, चाचणी होऊन आकडा छापून येण्यास आणखी काही दिवस, रुग्णालयात जाण्याची वेळ येण्यास आठ-दहा दिवस आणि मृत्यूचा आकडा वाढण्यास दोन-तीन आठवडे जातात. निर्बंध उठवणारा अधिकारी सकाळी जो आकडा वाचतो, तो पंधरवड्यापूर्वीच्या वागणुकीचा असतो. उठवल्यानंतर पंधरा दिवस आकडा शांत राहतो, त्यावरून आणखी मोकळीक दिली जाते, आणि आकडा हलू लागतो तेव्हा साथ दोन पावले पुढे निघून गेलेली असते. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर उभारलेले मोठे तात्पुरते रुग्णालय रुग्ण नाहीत म्हणून जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्यात आले आणि मार्चमध्ये पुन्हा उघडावे लागले. रिकाम्या खाटांवर खर्च करणे कोणत्याही पालिकेला परवडत नाही हे खरे. पण अग्निशामक दलाचा बंब गावात महिनाभर आग लागली नाही म्हणून कोणी मोडीत काढत नाही.

आमच्या बहुसंख्य वाचकांना रुचणार नाही अशी एक गोष्टही सांगितली पाहिजे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. याचा अर्थ असा की, पहिल्या लाटेचा भार ज्यांनी आधीच वाहिला होता, त्यांच्याकडे आपण रोगाचे आगर म्हणून पाहत होतो. आणि ज्यांना रोग शिवला नव्हता ते आपण स्वतःला सुरक्षित समजत होतो, वस्तुतः पुढच्या लाटेसाठी सर्वांत कोरडे सरपण आपणच होतो. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईत सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के इमारतींतील होते, असे महापालिकेनेच जाहीर केले. त्या दिवसांत अनेक सोसायट्यांच्या फाटकावर घरकामाच्या बाईच्या कपाळावर तापमापक रोखला जात असे, तिला उद्वाहनातून जाण्यास मनाई असे, आणि त्याच फाटकातून आपण पन्नासांची मर्यादा असलेल्या लग्नाला दोनशे जणांत मिसळण्यास निघत असू. प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीतही असेच चालले होते आणि त्याने त्याविरुद्ध तोंड उघडले नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मग निर्बंध उठवूच नयेत काय? असे म्हणणे म्हणजे ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यांच्या चुलीवर पाणी ओतणे होय. घरी बसून पगार घेणाऱ्याने टाळेबंदीचे गुणगान करावे, हे शोभत नाही. सक्तीच्या उपायांविषयी या भूमीची आठवणही कडवट आहे. ज्या साथरोग कायद्याचा आधार मार्च २०२० मध्ये घेतला गेला, तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधून जन्मलेला. आणि त्याच वर्षी पुण्यात घरझडतीच्या जुलमातून काय उद्भवले, ते मराठी माणसास सांगावयास नको. लोक फार काळ कोंडून राहत नाहीत, मग ते पुण्याचे असोत की अमेरिकेचे. सॅन फ्रान्सिस्को शहरात इन्फ्लुएंझाच्या साथीत मुखपट्टीची सक्ती होती. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी दुपारी बाराचे भोंगे वाजताच लोकांनी मुखपट्ट्या रस्त्यावर भिरकावल्या, आणि १७ जानेवारी १९१९ रोजी तीच सक्ती परत आणावी लागली. मुंबईने तर त्याच साली कसलीही सक्ती नसताना दोन लाटा पाहिल्या. जूनमधील लाट ओसरली, शहर निश्चिंत झाले, आणि सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

निर्बंध उठवावे की नाही, यापेक्षा ते काय पाहून उठवावे, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे थोडेफार उत्तर सरकारला उशिरा का होईना सापडले. ७ जून २०२१ पासून राज्यात पाच पातळ्यांची योजना आली. चाचण्यांत बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील, तो जिल्हा पहिल्या पातळीत, सर्वांत मोकळा. पुढे स्थिती बिघडेल तशी बंधने कडक, आणि दर आठवड्यास फेरतपासणी. रुग्णांची नुसती संख्या चाचण्या कमी करून कमी दाखवता येते. बाधितांचे प्रमाण व भरलेल्या खाटा यांच्याशी असा खेळ करणे अधिक अवघड असते. योजना चांगली होती. पण २५ जूनला, तीन आठवडेही पुरते झाले नव्हते तोच, सरकारने सर्व जिल्हे किमान तिसऱ्या पातळीवर आणून ठेवले. विषाणूच्या आणखी एका नव्या रूपाची भीती त्यामागे होती, आणि एप्रिलचे पोळलेले हात पाहता ती समजण्यासारखीही होती. तथापि ज्या जिल्ह्याने आपले आकडे उतरवले होते त्याला त्याचे फळ मिळाले नाही.

आकड्यांचा अर्थही काळाबरोबर बदलतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलची मुभा मिळाली, गणेशोत्सव झाला, आणि तरीही एप्रिलची पुनरावृत्ती झाली नाही. कारण तोवर महापालिकेच्या पाचव्या सर्वेक्षणात सुमारे ८६ टक्के मुंबईकरांच्या रक्तात लशीने किंवा लागणीने आलेले संरक्षण दिसून आले होते. ७ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत एका दिवसात २०,९७१ रुग्ण सापडले. तो आकडा एप्रिल २०२१ च्या उच्चांकाच्या जवळजवळ दुप्पट. पण रुग्णालये ओसंडली नाहीत आणि मृत्यू फार थोडे झाले. राज्य बंद झाले नाही. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला उरलेले निर्बंधही उठले आणि या वेळी ते पुन्हा आणावे लागले नाहीत.

राहता राहिला तो विषाणूवरील पहारा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांचा एक संघ स्थापन केला होता. बाधितांपैकी पाच टक्क्यांचे नमुने तपासून विषाणूतील बदल वेळीच ओळखावेत, हे त्याचे काम. पहिले काही महिने तो संघ या उद्दिष्टाच्या आसपासही नव्हता. कोठे पैसा नव्हता, कोठे रसायने नव्हती, कोठे जिल्ह्यांकडून नमुनेच येत नव्हते. पुढे डेल्टा म्हणून जगभर पसरलेल्या विषाणूच्या कुळाचे पहिले नमुने भारतात ऑक्टोबर २०२० मधील आहेत. महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत हे दुहेरी बदल आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले ते २४ मार्च २०२१ रोजी. अमरावतीची टाळेबंदी तोवर लागून उठली होती आणि नागपूरची संपण्याची ठरलेली तारीख उलटून तीन दिवस झाले होते.