खाऱ्या हवेतला कॅमेरा

पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणेचे मुख असल्यामुळे वसई-विरारचा पट्टा तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याला लागून आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर समुद्रावरून येणारे वारे अडवतात, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने येथील हवा ओलाव्याने जड झालेली असते. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात किती वाफ आहे हे सांगणारे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती या किनाऱ्यावर ८० टक्क्यांच्या वर राहते. कॅमेऱ्याची निगा म्हटले की सहसा धक्का, पडझड आणि चोरी यांचाच विचार होतो. वसईत मात्र कॅमेऱ्याचे सर्वाधिक नुकसान हवा करते, आणि ते गाजावाजा न करता महिनोन्‌महिने चालू राहते. लग्नसराई आणि नाताळ आटोपल्यावर कपाटात जपून ठेवलेला कॅमेरा येथे रोज हाताळल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा लवकर बिघडतो, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की निगेचे बहुतेक नियम तिच्यातूनच उलगडत जातात.

पहिला विचार मिठाचा करावा लागतो. लाट फुटताना तिच्यातील हवेचे बुडबुडे फुटून अतिसूक्ष्म खारे थेंब उडतात, वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतात आणि ज्या वस्तूवर बसतात तिच्यावर वाळून मिठाचा पातळ थर सोडतात. शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे खाण्याचे मीठ, आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात याशिवाय मॅग्नेशियम क्लोराइडही असते, जे सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच विरघळू लागते. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटते ते याच गुणधर्मामुळे, आणि राजोडी, कळंब किंवा भुईगावच्या किनाऱ्यावरून घरी आणलेल्या कॅमेऱ्याच्या फटींतही हेच घडते. तेथे वाळलेले मीठ दिसत नाही, पण पहिल्या दमट रात्री त्याचे पुन्हा खारे पाणी होते. हे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे एकमेकींना टेकलेल्या दोन भिन्न धातूंमध्ये, म्हणजे पितळी संपर्कबिंदू आणि पोलादी स्क्रू किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पोलादी पट्टी यांच्यात, गंज वेगाने पसरतो. फ्लॅश मध्येच न पेटणे, लेन्स ओळखता येत नसल्याचा संदेश पडद्यावर झळकणे, तिपाईचे पाय सरकेनासे होणे, ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

यावरचा उपाय साधा असला तरी तो त्याच दिवशी करावा लागतो. किनाऱ्यावरून परतल्यावर मऊ सुती कापड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, कॅमेरा बंद करून आणि सर्व झाकणे लावून त्याचे बाह्यांग, बटणांच्या कडा व पट्ट्याच्या कड्या त्या कापडाने पुसाव्यात आणि लगेच कोरड्या कापडाने ओलावा टिपून घ्यावा. कोरड्याच कापडाने रगडल्यास मिठाचे स्फटिक रंगावर व काचेवर चरे पाडतात, म्हणून आधी मीठ विरघळवायचे आणि मग टिपायचे, हा क्रम बदलू नये. लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणाऱ्या सोनेरी संपर्कबिंदूंना मात्र पाणी लावू नये, ते कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावेत. तिपाईचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि सांधे उघडे ठेवूनच वाळवावेत. ओले पाय मिटून ठेवल्यास मीठ आणि पाणी दोन्ही आतच कोंडले जातात.

मिठापेक्षाही अधिक लेन्स ज्यामुळे वाया जातात ती बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, नव्या लेन्सच्या आतही असतात, आणि तेथून त्यांना पूर्णपणे हटवणे कोणालाही शक्य नाही. पण आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली, हवा हलली नाही आणि उजेड मिळाला नाही, की ते रुजतात. बोटांचे तेलकट ठसे, धूळ आणि यंत्रणेतील वंगणाचे अंश एवढ्यावर त्यांचे भागते. नुकसान नीट समजण्यासाठी लेन्सवरील लेप म्हणजे काय हे पाहणे आवश्यक आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि आजच्या झूम लेन्समध्ये पंधरा-वीस भिंगे असल्याने असे पृष्ठभाग तीसच्या आसपास होतात; हा अपव्यय टाळण्यासाठी जर्मनीतील झाइस कंपनीतील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणारा लेप शोधून काढला. असा एक थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरात असे दहा हजार थर मावतील. बुरशी वाढताना सेंद्रिय आम्ले सोडते आणि ती या थराला व पुढे काचेलाही खातात. म्हणूनच कारागिराने लेन्स खोलून बुरशी पुसून काढली तरी तिच्या तंतूंच्या खुणा कोरल्यासारख्या मागे राहतात, आणि प्रकाशाच्या दिशेने काढलेल्या छायाचित्रांत काळ्या-पांढऱ्याचा उठाव कायमचा मंदावतो. बुरशी लागलेली लेन्स दुरुस्त होईपर्यंत इतर लेन्सपासून वेगळी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

बुरशीला आळा घालण्यासाठी साठवणीच्या जागी आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी लागते; हवा त्याहून फार कोरडी केल्यास रबराचे भाग आणि वंगण यांना त्रास होतो. विजेवर चालणारे आर्द्रतानियंत्रक कपाट, ज्याला छायाचित्रकार ड्राय कॅबिनेट म्हणतात, हे काम आपोआप करते, आणि भरपूर लेन्स बाळगणाऱ्या लग्नाच्या छायाचित्रकारासाठी तो खर्च योग्यच आहे. एक कॅमेरा आणि दोन लेन्स असलेल्या घरात मात्र रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसा आर्द्रतामापक एवढ्याने भागते. सिलिका जेल म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेले सिलिकाचे दाणे. ते वाफ धरून ठेवतात, रंगीत असल्यास भरले की रंग बदलतात आणि सुमारे १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे असतील तर त्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असते, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही तापवू नयेत. रंग बदललेल्या पुड्या वर्षानुवर्षे तशाच पडू देणे ही फार आढळणारी चूक आहे, कारण भरलेला दाणा नवा ओलावा घेऊ शकत नाही आणि डबा सुरक्षित असल्याचा केवळ भास उरतो.

आपल्याकडील दोन सवयी येथे स्पष्टपणे नाकाराव्या लागतात. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवण्याची पद्धत कपड्यांसाठी ठीक असली तरी त्यांची वाफ कॅमेऱ्याला अपायकारक ठरते, आणि कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत तसा इशारा छापलेलाही असतो. चामड्याच्या पेटीत कॅमेरा ठेवण्याची आवडही तशीच सोडून द्यावी, कारण चामडे ओलावा शोषते आणि स्वतःच बुरशीला आसरा देते. याउलट आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम व फोकसची कडी पूर्ण फिरवावी, चार-दोन छायाचित्रे घ्यावीत आणि खिडकीजवळच्या उजेडात लेन्स काही वेळ उघडी ठेवावी. हवा हलते, उजेडातील अतिनील किरण बुरशीला रोखतात आणि यंत्रणाही मोकळी राहते.

ओलाव्याचे आणखी एक रूप प्रवासात भेटते. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल धावली, आणि आता चर्चगेटहून विरारला येणारा छायाचित्रकार थंड डब्यातून थेट दमट फलाटावर उतरतो. फलाटावर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंश येतो. डब्यात २४ अंशांवर निवलेला कॅमेरा त्याहून थंड असल्याने त्याच्यावर क्षणात दव जमते, आणि पुढच्या काचेवरचे दव पुसता आले तरी आतल्या भिंगांवर व विद्युतमंडलावर जमलेले पुसता येत नाही. म्हणून थंड जागेतून निघण्यापूर्वीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नये. दव मग पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते. वातानुकूलित सभागृहातून मांडवात जाणाऱ्या लग्नाच्या छायाचित्रकाराने तर हा अवधी आपल्या वेळापत्रकातच धरून ठेवावा.

प्रत्यक्ष पावसाबाबत जाहिरातींतील शब्दांवर विसंबू नये. हवामानरोधक कॅमेऱ्यात सांध्यांवर रबरी कडा असतात आणि त्या शिंतोडे अडवतात, परंतु रबर जुने होते आणि पाण्यात बुडवण्याची हमी त्यात नसते. पाण्याखाली चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या चाचण्यादेखील बहुधा गोड्या पाण्यात झालेल्या असतात. कॅमेरा पाण्यात पडलाच तर सर्वप्रथम बॅटरी काढावी, तो सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा आणि शक्य तितक्या लवकर दुरुस्तीला न्यावा, कारण खाऱ्या पाण्यातून वीज वाहू लागली की मंडल काही मिनिटांत खराब होऊ शकते. तांदळात पुरून ठेवण्याचा प्रचलित उपाय निरुपयोगी आहे. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, उलट त्याची पूड मात्र फटींत शिरते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली, हे लक्षात घेता तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅमेरा आणि छायाचित्रांची हार्ड डिस्क कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी, आणि छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या जागी असू द्यावी.

वाळूबद्दल थोडक्यात इतकेच की तिच्यातील क्वार्ट्‌झचे कण काचेपेक्षा कठीण असतात, म्हणून आधी हातपंपासारख्या रबरी फुग्याने, म्हणजे ब्लोअरने, ते उडवावेत आणि मगच काच पुसावी. तोंडाने फुंकर घातल्यास लाळेचे थेंब जातात आणि बुरशीला खाद्य मिळते. किनाऱ्यावर लेन्स बदलणे शक्य तितके टाळावे.

प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, प्रखर किरणांनीही निकामी होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा हळदीच्या मांडवात फिरणारा लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला, तर सेन्सरवर कायमच्या रेषा किंवा ठिपके उमटू शकतात. सूर्याबाबतही तेच, २ ऑगस्ट २०२७ रोजी भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, त्या दिवशी ढगांनी वाट दिली, तर ग्रहणासाठीच बनवलेली गाळणी लेन्सच्या पुढे लावल्याशिवाय कॅमेरा सूर्याकडे रोखू नये आणि काचेच्या दृश्यदर्शकातून पाहू तर मुळीच नये, कारण लेन्सने एकवटलेला सूर्यप्रकाश डोळ्याच्या पडद्याला भाजतो.

वापरणाऱ्याच्या जिवाशी संबंध येतो तो विजेच्या भागांचा. फ्लॅशमधील धारित्र, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणारा भाग, सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही काही काळ तसाच राहतो, म्हणून फ्लॅश किंवा फ्लॅश असलेला कॅमेरा घरी खोलू नये. लिथियम-आयन बॅटरी फुगली की तिचा वापर ताबडतोब थांबवावा आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी, कारण कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. सुट्या बॅटरीला टोपण लावावे. पिशवीतील नाणी आणि किल्ल्यांनी तिची दोन टोके जोडली गेली की ती भयंकर तापते. आखाती देशांत नोकरीला असलेल्या वसईकरांनी हेही जाणून असावे की विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १५ वॉट-तासांची आणि परवानगीशिवाय नेण्याची मर्यादा १०० वॉट-तासांची, त्यामुळे अडचण येत नाही.

जुनी लेन्स विकत घेताना, मग ती मुंबईच्या फोर्टमधील बाजारात असो वा ओळखीच्या माणसाकडून, तिची तपासणी दुकानाच्या झगमगाटात करू नये. लेन्स अंधाऱ्या कोपऱ्यात न्यावी, छिद्र पूर्ण उघडावे आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरून पुढून पाहावे. धुळीचे सुटे कण दिसले तर चिंता नाही, पण कडेपासून आत शिरणारे पांढुरके, फांद्या फुटलेले तंतू दिसले तर किंमत कितीही कमी सांगितली जात असली तरी ती लेन्स परत करावी.