घसरगुंडीखालची जमीन

1 सप्टेंबरला शाळा उघडतात आणि दुपारी नातवंडांना आणण्याचे काम पुन्हा आपल्यासारख्या आजी-आजोबांकडे येते. शाळा सुटली तरी मुले पटांगणातून लवकर हलत नाहीत. घसरगुंडीचा नवा रंग सर्वांनाच दिसतो. मी मात्र आधी तिच्याखालची जमीन पाहते. खेळताना गंभीर दुखापत होते ती बहुधा उंचावरून पडल्याने, आणि मार किती बसेल हे पुष्कळसे खालच्या जमिनीवर ठरते.

आपल्या इस्रायलमध्ये खेळाच्या साधनांसाठी 1498 क्रमांकाचे मानक आहे. उंच साधनाखाली धक्का शोषणारा थर हवा. काँक्रीट किंवा डांबर चालत नाही. रबराचा थर उन्हाने कालांतराने कडक होतो, चिरतो. वाळू तुडवून घट्ट होते. झोपाळ्याखालची तर पायांनी बाजूला सरकते, आणि नेमकी तिथेच ती जास्त हवी असते. म्हणून ती वरचेवर मोकळी करून पसरावी लागते.

कडक उन्हात रबर आणि घसरगुंडी फार तापतात. मूल चढण्यापूर्वी आपला हात टेकवून पाहावा. चटका बसला तर सावली येईपर्यंत खेळ थांबवावा.

आडव्या दांडीला लोंबकळताना हात सुटला की मूल पसरलेल्या हातावर पडते आणि कोपराच्या जरा वर हाड मोडते. कोपर सुजले किंवा हात वाकडा दिसला तर तेल लावून चोळू नका, ओढून सरळ करू नका. आहे तसाच आधार देऊन दवाखान्यात न्या. बोटे थंड, पांढरी किंवा बधिर झाली तर जराही वेळ दवडू नका. डोके आपटून शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, गुंगी आली किंवा मूल असंबद्ध बोलू लागले, तर 101 वर मागेन दावीद आदोमला फोन करा. मान दुखत असेल तर मुलाला हलवू नका.

शाळेत उखडलेले रबर किंवा उघडी पडलेली जमीन दिसली तर फोटो काढून मुख्याध्यापकांना आणि पालक समितीला लेखी कळवा. सार्वजनिक बागेसाठी नगरपालिकेचा 106 क्रमांक आहे. हिब्रू लिहिणे जमत नसेल तर मुला-सुनेकडून लिहून घ्या, पण कळवायचे राहू देऊ नका.