दंडातली काडी, स्टॉकहोमची हमी

काडेपेटीतली एक काडी काढून तळहातावर ठेवा. साधारण तेवढ्याच लांबीची, जराशी जाड, मऊ, पांढुरकी, सिलिकॉन रबराची कांडी डोळ्यांसमोर आणा. लांबी ४३ मिलिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर. अशा दोन कांड्या बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली सरकवल्या की पाच वर्षं नको असताना दिवस राहण्याची धास्ती संपते. बाजारातलं तिचं नाव जेडेल. केनिया, इथिओपिया, घाना अशा देशांत लाखो बायकांच्या दंडात अशा कांड्या आज आहेत.

ही कांडी काम कशी करते, हेच मुळात थक्क करणारं आहे. पण ती त्या बाईपर्यंत पोचली कशी, हे त्याहून अचाट आहे. आणि त्या गोष्टीचा एक धागा मुंबईत येऊन पोचतो.

आधी कांडीकडे बघू. दोन्हींत मिळून लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं संप्रेरक भरलेलं असतं, १५० मिलिग्रॅम. तापाला आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे एका गोळीच्या एक-तृतीयांशाहून कमी औषध, आणि तेवढं पाच वर्षं पुरतं! पहिल्या महिन्यात रोज सुमारे १०० मायक्रोग्रॅम पाझरतात, पुढे हे प्रमाण उतरत ३०च्या आसपास येतं. मिठाचा एक कणही याहून जड भरेल. एवढ्याशा पाझराने गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्रजंतूंची वाट अडते आणि बऱ्याचदा बीज बाहेर पडणंही थांबतं. वर्षाला हजारात एखादीच बाई चुकून गरोदर राहते. मूल हवंसं वाटलं की कांडी काढायची, शरीर लवकरच पूर्वपदावर येतं.

मग हा पाझर इतका नेमका ठेवतो कोण? आत ना यंत्र, ना बॅटरी, ना झडप. सगळी किमया रबराची. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन संस्थेत ज्यूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग हृदयावर प्रयोग करत होते. सिलिकॉन रबरातून काही रंगद्रव्यं हळूहळू, एका लयीत आरपार झिरपतात, हे त्यांच्या लक्षात आलं. संततिनियमनाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेतले शेल्डन सीगल आणि चिलीचे होरासिओ क्रोक्सातो यांनी तो जोडला: रंग झिरपतो तर संप्रेरक का नाही झिरपणार? त्या प्रश्नातून सहा कुप्यांचं नॉरप्लांट तयार झालं. १९८३ साली त्याला पहिली मान्यता देणारा देश होता फिनलंड. पुढे सहाच्या दोन कांड्या झाल्या. त्या तयार होतात फिनलंडच्या तुर्कू शहरात.

बसवायला फार तर पाच-दहा मिनिटं लागतात. सिस्टर दंडावर भुलीचं इंजेक्शन देते. दोन-तीन मिलिमीटरची चीर पाडून पोकळ सुई आत घालते, एक कांडी सोडते, सुई जराशी तिरकी करून दुसरी सोडते. टाका नाही, नुसती पट्टी. बाई बोटाने चाचपून बघते, दोन कांड्या हाताला लागतात, आणि ती घरी जाते. रोज आठवणीने गोळी घ्यायला नको, घरात कुणाला दिसायला नको, दर तीन महिन्यांनी इंजेक्शनसाठी दहा-बारा मैल चालायला नको.

इतकी चांगली वस्तू होती, तर ती सगळीकडे का पोचली नाही? कारण गरीब देशांसाठी खरेदी करणाऱ्यांनाही ती सुमारे १८ डॉलरला पडायची. आता कोडं ऐका. किंमत जास्त म्हणून मागणी कमी, मागणी कमी म्हणून कारखाना थोडाच माल काढणार, आणि थोडा माल काढला की किंमत जास्तच राहणार. साप स्वतःची शेपटी गिळून बसलेला. तो सोडवायचा कसा?

आपल्याकडे लग्नाचा स्वयंपाक ठरवताना काय होतं ते आठवा. दर विचारला की केटरर आधी उलटा प्रश्न करतो, “किती पानं पक्की?” दीडशे म्हणालात तर एक दर, पाचशे म्हणालात तर दुसरा. पण पाचशे येतील याची खात्री यजमानालाही नसते. अशा वेळी घरातला एखादा भरवशाचा काका पुढे होतो आणि म्हणतो, “पाचशे धरा. कमी भरली तर फरक मी देईन.” काकाने खिशातून एक रुपयाही काढलेला नाही, पण दर खाली आला.

२०१२च्या सप्टेंबरात नेमकं हेच झालं. बायर कंपनीला सांगितलं गेलं: सहा वर्षांत २ कोटी ७० लाख संच विकले जातील, कमी पडले तर भरपाई आमची. काका कोण होते? नॉर्वे आणि स्वीडन या देशांची सरकारं, त्यांच्याबरोबर गेट्स फाउंडेशन आणि लंडनचं चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन. २०१३च्या जानेवारीपासून जेडेलची किंमत साडेआठ डॉलरवर आली. एका सहीने निम्म्याहून कमी! वर्षाला हिशोब केला तर पावणेदोन डॉलरच्या आत. लगोलग मर्क कंपनीनेही आपल्या इम्प्लानॉन या कांडीची किंमत तशाच हमीवर तेवढीच उतरवली. ती कांडी नेदरलँड्समध्ये ओस गावात बनते.

मग पानं भरली का? २०१२ साली गरीब देशांसाठी सुमारे ४० लाख इम्प्लांट (दंडात बसवायच्या अशा कांड्या) घेतले गेले होते. २०१८ साली हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. केनियाच्या २०२२च्या आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर पाच बायकांपैकी जवळजवळ एकीच्या दंडात इम्प्लांट होतं. बायकांना ही वस्तू हवीच होती. अडलं होतं ते दरावर.

अर्थात नुसत्या हमीवर माल गावात पोचत नाही. कुणीतरी रोख मोजून तो विकत घ्यावा लागतो. इथे संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी येतो. त्याला पैसे देणाऱ्यांत नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्स, जर्मनी ही नावं वर्षानुवर्षं वरच्या ओळीत असतात. निधीच्या खरेदीचं काम कोपनहेगनमधून चालतं, आणि माल जगभरातून घेतला जातो. आपल्या सिन्नरच्या एका कारखान्यात बनणारे स्त्रियांसाठीचे कंडोमही त्या खरेदीत आहेत. केनियातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात स्वीडिश करदात्याच्या पैशाने तुर्कूचं खोकं आणि सिन्नरचं खोकं शेजारी शेजारी लागलेलं असू शकतं. कसला भूगोल आहे हा!

पण युरोपातल्या सरकारांनी दुसऱ्या देशांतल्या बायकांच्या पाळण्याची चिंता करायला सुरुवात केली कधी? आता मुंबईचा धागा. ज्या शहरात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली, त्याच शहरात १९५२च्या नोव्हेंबरात एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. यजमान होत्या धन्वंती रामा राव. तिथे आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघ जन्माला आला. आज शंभराहून जास्त देशांत काम करणारी ही संस्था मुंबईची लेक आहे, हे मुंबईतही फारसं कुणाला आठवत नाही.

त्या महासंघाच्या संस्थापकांत एक होत्या एलिसे ओत्तेसेन-येन्सेन. नॉर्वेतल्या एका पाद्र्याच्या अठरा मुलांपैकी सतराव्या. त्यांच्या बहिणीला लग्नाआधी दिवस गेले, घरच्यांनी लाजेपायी तिला दूर पाठवलं, आणि त्या दुःखातून ती कधी सावरलीच नाही. एलिसेबाई स्वीडनमध्ये गावोगाव फिरून बायकांना संततिनियमन समजावत राहिल्या. तेव्हा स्वीडनमध्ये त्याची जाहीर माहिती देणंच कायद्याने गुन्हा होता. तो कायदा गेला १९३८ साली. आणि त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत, १९५८ साली, त्याच स्वीडनने सिलोनशी, म्हणजे आजच्या श्रीलंकेशी, कुटुंबनियोजनासाठी मदतीचा करार केला. एका सरकारने दुसऱ्याला या कामासाठी दिलेली ही पहिली मदत. काम सुरू झालं एका खेड्यांच्या पट्ट्यात आणि एका चहामळ्यावर. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर जाहीरपणे सांगत होते की संततिनियमन हे सरकारचं काम नव्हे.

या वाटेवर काळोखाचा पट्टाही आहे. स्वीडनने स्वतःच्याच हजारो बायकांची सक्तीने नसबंदी केली होती, त्याची मुभा देणारा कायदा १९७०च्या दशकापर्यंत टिकला. आणीबाणीत आपल्याकडे १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळात मदत देणाऱ्यांची नजर आकड्यांवर असायची, माणसांवर नसायची. १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी ही नजर फिरवली: लोकसंख्या किती कमी झाली हे मोजायचं नाही, बाईला हवं ते साधन हवं तेव्हा मिळालं का, हे बघायचं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा शोध हाच आहे. रबराची कांडी त्याच्यापुढे सोपी.

२०१७च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी संस्थांवर जुना निर्बंध पुन्हा लादला: गर्भपाताबद्दल सल्ला देणाऱ्यांना पैसे नाहीत. नेदरलँड्सच्या मंत्री लिलियान प्लाउमन यांनी काही दिवसांतच “शी डिसाइड्स” नावाची मोहीम उभी केली, आणि २ मार्चला ब्रसेल्समध्ये १८ कोटी १० लाख युरोंची वचनं जमली. जेमतेम पाच-सहा आठवड्यांत!

२०२५ मात्र वेगळं उजाडलं. अमेरिकेने या कामाची आपली मदत बंद केली. तिने आधीच विकत घेतलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं, त्यात इम्प्लांटही, बेल्जियममधल्या गेल गावच्या गोदामात अडकून पडली आणि ती जाळायची भाषा सुरू झाली. याच वर्षी ब्रिटनने आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं जाहीर केलं. नेदरलँड्सनेही मोठी कपात केली. काका एकेक करून मांडवातून उठू लागले आहेत.

हे बघताना मला कांडीची एक साधी गोष्ट आठवते. ती आपोआप विरघळत नाही. पाच वर्षांनी, किंवा बाई म्हणेल तेव्हा, शिकलेल्या हातांनीच ती काढावी लागते. २०२५ साली एखाद्या बाईच्या दंडात बसवलेली कांडी २०३० साली बाहेर काढायची आहे. ती काढणाऱ्या सिस्टरचा पगार, भुलीचं औषध, निर्जंतुक चिमटा आणि हवी असेल तर नवी कांडी, हे सगळं त्या दिवशी त्या केंद्रात असायला हवं.