आजी आज अगदी शांत आहेत

डिलिरियमवर देतात त्या हॅलोपेरिडॉलबद्दल या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो, ते पुढच्या वेळेला. मागच्या लेखातला सलाइन उपटून जिन्याकडे धावणारा पेशंट वाचून सांगलीहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय, आणि त्यांचा प्रश्न मागे ठेववत नाही. त्या लिहितात, ‘आमच्या सासूबाईंनी यातलं काहीच केलं नाही. नुसत्या पडून असायच्या. सिस्टर म्हणायच्या, आजी आज अगदी शांत आहेत. आम्हाला वाटलं, आजारानं खचल्या. मग हळूहळू माणसात आल्या. तो डिलिरियमच होता का?’

पत्रावरून निदान करू नये. पण बाई, मला दाट संशय आहे. ‘वातात गेलाय’ म्हटलं की बरळणारा, अंथरुणातून उठू पाहणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण डिलिरियमचा, म्हणजे आजारात अचानक येणाऱ्या या गोंधळाचा, मुका प्रकारही कॅन्सरच्या वॉर्डात भरपूर असतो, फक्त सापडत नाही. दंगा करणाऱ्या पेशंटसाठी रात्री दोन वाजता डॉक्टरला फोन जातो. गप्प पेशंटसाठी कोण करणार? जेवणाचं ताट तसंच परत जातं, घरचे म्हणतात मनाला लावून घेतलंय, आणि कुणीतरी नैराश्याची गोळी लिहून मोकळं होतं. नैराश्य असं दोन दिवसांत येत नाही. आणि नैराश्यात माणूस सकाळी बरा, संध्याकाळी हरवलेला, असा सहसा होत नाही.

खरी खूण म्हणजे लक्ष. ते तपासायला महिने उलटे म्हणायला सांगतात, डिसेंबरपासून. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांच्या तोंडी जानेवारी-फेब्रुवारी नसतातच, म्हणून मी फाल्गुनापासून उलटं विचारतो. (तेही जमण्यासारखं नसेल तर वार.) फुप्फुसाचा कॅन्सर असलेले एक आजोबा असेच गप्प होते. नाव, गाव, थोरल्याचं नाव, शेताचा गट नंबरसुद्धा बरोबर सांगितला. राउंडवरची मंडळी खूश. मी म्हटलं, आता फाल्गुनापासून मागे या. ‘फाल्गुन, माघ, पौष...’ थांबले. ‘पौष, माघ, फाल्गुन, चैत्र...’ आणि खिडकीकडे बघत राहिले. काय विचारलं होतं तेच निसटलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, कॅल्शियम १४च्या वर. साडेदहापर्यंत ठीक म्हणतात. सलाइन चढवलं, झोलेड्रोनिक ॲसिड दिलं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर आजोबा म्हणाले, ‘अधिक महिना धरायचा का?’

कॅल्शियम, सोडियम, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, किडनी मंदावल्यामुळे अंगात साठलेलं मॉर्फिन: शोधलं तर काहीतरी हाती लागतं. कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी २००० साली शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांचा अभ्यास छापला. तिथेही डिलिरियमचे जवळपास निम्मे झटके उलटवता आले होते.

आता माझा आवडता शोधनिबंध. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधले मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिलिरियममधून बाहेर आलेल्या १०१ रुग्णांना विचारलं, काय आठवतंय? २००२ साली ते प्रसिद्ध झालं. ५४ जणांना आठवत होतं, आणि निस्तेज पडून राहिलेल्यांनी सोसलेला त्रास दंगा करणाऱ्यांइतकाच निघाला. (नवरा, बायको किंवा काळजी घेणारे घरचे यांचा त्रास तर रुग्णापेक्षाही जास्त.)

आमच्या आजोबांनाही मी विचारलं. आधी नाहीच म्हणाले; मग सून चहा आणायला गेल्यावर बोलले. भिंतीवरून पाणी उतरत होतं, म्हणे. खाली नातू झोपलेला. आपण हललो किंवा बोललो तर पाण्याला जोर येईल, म्हणून तोंड मिटून, अंग आवळून पडून होते. वॉर्डच्या नोंदीत त्या रात्रींपुढे लिहिलंय, ‘झोप चांगली.’

तर बाई, सासूबाईंना सहज विचारून बघा, चारचौघांत नको. वेड्यात काढतील या भीतीनं पुष्कळजण हे पोटातच ठेवतात. काही आठवत नाही म्हणाल्या तर खोदू नका. आणि पुन्हा कधी ॲडमिट व्हावं लागलं, तर त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर तेही घरी कपाटात ठेवू नका, उशाशी द्या. ‘नेहमीच्या आजी या नव्हेत’ हे राउंडला तुम्हीच ठासून सांगा. वॉर्डानं त्यांना आधी कधी पाहिलेलं नसतं.

हॅलोपेरिडॉल पुढच्या आठवड्यात, ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या चाचणीसकट. त्यात औषधापेक्षा औषध नसलेला डोस उजवा ठरला होता, त्यामुळे तो लेख जरा लांबेल.