रक्ताची गुठळी आणि औषधाची मात्रा

इ. स. २०२१ च्या फेब्रुवारींत अमरावती व अचलपूर येथें टाळेबंदी पुकारली गेली आणि अकोल्यांतही कडक निर्बंध आले, हें आमच्या वऱ्हाडांतील वाचकांस आठवत असेलच. करोनाच्या त्या लाटेंत 'रक्त पातळ करण्याचें इंजेक्शन' हे शब्द अनेक घरांत प्रथमच ऐकूं आले. आमच्या एका विद्यार्थ्यानें तेव्हां आम्हांस फोनवर विचारिलें, "सर, आमच्या आबांना दिवसांतून एकदांच सुई देतात आणि शेजारच्या खाटेवरच्यांना दोनदां. आबांकडे दुर्लक्ष तर होत नाहीं ना?" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून जें वाचिलें तें येथें मांडतों.

प्रथम हें सांगावयास हवें, कीं हीं औषधें रक्त पातळ करीतच नाहींत. गुठळी बनण्याच्या क्रियेस तीं आवर घालतात. रुग्ण अंथरुणास खिळला म्हणजे पायांतील रक्त मंद वाहूं लागतें, आणि शस्त्रक्रिया किंवा मोठा आजार यांमुळें त्याची गोठण्याची प्रवृत्ति वाढते. पायांत झालेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या वाहिनींत अडकली तर प्राणांवर बेततें.

हेपॅरिन या औषधाचा शोध १९१६ सालीं अमेरिकेंत जे मॅक्लीन यास लागला. तो त्या वेळीं वैद्यकाचा विद्यार्थीच होता! परंतु हें औषध किती द्यावें, हा प्रश्न पुष्कळ वर्षें सुटला नाहीं; कारण अधिक दिलें तर शस्त्रक्रियेच्या जखमेंतूनच रक्त वाहावयाचें. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांतील भारतीय वंशाचे शल्यवैद्य विजय कक्कर यांच्या पुढाकारानें चार हजारांवर रुग्णांवर झालेला प्रयोग १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें निम्म्या रुग्णांस शस्त्रक्रियेपूर्वीं दोन तास व नंतर दर आठ तासांनीं ५,००० युनिट हेपॅरिन त्वचेखालीं दिलें. इतरांस दिलें नाहीं. न दिलेल्यांपैकीं १६ जण फुप्फुसांतील गुठळीनें दगावले, दिलेल्यांपैकीं दोघे.

सांप्रत पुष्कळ ठिकाणीं एनॉक्सापॅरिन हें हेपॅरिनपासून केलेलें औषध देतात. गुठळी होऊं नये एवढाच हेतु असेल तर सामान्यतः दिवसांतून एकदां ४० मिलिग्रॅम. ती झालेलीच असेल तर वजनाच्या दर किलोमागें १ मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां. म्हणजे साठ किलोच्या माणसास एका हेतूनें दिवसास ४०, तर दुसऱ्यानें १२०. शिवाय हें औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें. तीं फार दुबळीं असल्यास तें शरीरांत सांचतें, म्हणून मात्रा कमी करावी लागते किंवा साधें हेपॅरिन निवडावें लागतें. ज्याच्या जठरांतून नुकताच रक्तस्राव झाला आहे, त्यास तूर्त औषध न देतां पायांवर दाब देणारें यंत्र लावितात.

करोनांत 'अधिक दिलें तर अधिक गुण' असा तर्क पुष्कळांनीं केला होता. २०२१ च्या ऑगस्टांत प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांत मात्र निराळेंच दिसलें. रुग्णालयांत असलेल्या परंतु अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांस मोठ्या मात्रेचा लाभ झाला; अतिदक्षता विभागांतील अत्यवस्थांस झाला नाहीं. त्रैराशिक शिकविण्यांत हयात घालविणाऱ्या आम्हांस हें पचनीं पडावयास वेळ लागला.

आबा पुढें सुखरूप घरीं आले. त्यांची चिठ्ठी मुलानें आम्हांस दाखविली. तींत दिवसांतून एकदां ४० मिलिग्रॅम असेंच होतें. शेजारच्या गृहस्थांच्या पायांत गुठळी सांपडली होती, हेंही त्याच्याकडूनच कळलें.