तेलंगखेडी ते सीताबर्डी

सीताबर्डीच्या लढाईचा विषय निघाला की आमच्या खापरखेड्यात दोनच मतं ऐकू येतात : एक तर फितुरीमुळे घात झाला, नाहीतर इंग्रजांकडे किल्ला होता. किल्ल्याचं आधी निकालात काढतो. २६ नोव्हेंबर १८१७ रोजी त्या टेकडीवर किल्ला नव्हताच. इंग्रजांनी तो लढाईनंतर बांधला. फितुरीचा प्रश्न इतक्या सहज सुटत नाही. मला विचाराल तर घात झाला तो दरबारात, आणि तोही उघडपणे.

नागपूरची इंग्रज ब्रिगेड तेव्हा खरोखर एकाकी होती. पेंढाऱ्यांच्या मोहिमेसाठी कंपनीच्या फौजा नर्मदेपर्यंत पांगल्या होत्या. लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताशी मद्रासच्या विसाव्या आणि चोविसाव्या पलटणीचे आजारपणाने घटलेले शिपाई, बंगाल घोडदळाचे तीन तुकडे, रेसिडेंट जेन्किन्सचं संरक्षक पथक आणि चार लहान तोफा एवढंच होतं. सगळे मिळून चौदाशेच्या आसपास. अप्पासाहेब भोसल्यांकडे अठरा हजार, त्यात तीनेक हजार अरब. ब्रिगेडची छावणी सीताबर्डीच्या पश्चिमेला, तेलंगखेडीच्या उघड्या माळावर होती. ती वाट मी पायी चाललो आहे, तासाभराची आहे. आड घ्यायला टेकडी नाही, पाठीशी कोणी नाही. छापा घालायचा तर तो इथेच.

छापा कसा असतो याचा नमुना सहाच वर्षांपूर्वी, नेपोलियनच्या युद्धात, स्पेनमध्ये दिसला होता. २८ ऑक्टोबर १८११ ला जनरल हिलने आरोयो दोस मोलिनोस या गावी जिरार या फ्रेंच सेनापतीची एकटी पडलेली डिव्हिजन गाठली. रात्रभर पाऊस, पण शेकोटी पेटवायची नाही असा हुकूम. पहाटे धुक्यातून हल्ला झाला, आणि हजारावर फ्रेंच कैद झाले. तिथे कुणी आधी दवंडी पिटली नव्हती.

नागपुरात ती पिटली गेली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई होऊन पेशवा इंग्रजांचा उघड शत्रू झाला होता. असं असताना २४ तारखेला अप्पासाहेबांनी त्याच पेशव्याची खिलत आणि सेनापतीपद समारंभाने स्वीकारलं. जेन्किन्सला आणखी कुठला पुरावा हवा होता? हल्ल्याच्या आधीच ब्रिगेड तेलंगखेडी सोडून सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर येऊन बसली. माझ्या मते लढाईचा निम्मा निकाल त्याच चालीत लागला.

उरलेला निम्मा मात्र अखेरपर्यंत अधांतरी होता, हेही सांगायला हवं. २६ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला. पायथ्याच्या वस्तीतून अरबांचा मारा अचूक होता. सकाळी धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरबांनी टेकडी घेतली आणि तिथली तोफ थोरल्या टेकडीकडे वळवली. इंग्रजांचं काम जवळपास संपलं होतं. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्ड आपले तीन तुकडे घेऊन मैदानातल्या मराठी घोडदळावर तुटून पडला आणि त्याने दोन तोफा हस्तगत केल्या. ते पाहून टेकडीवरच्या शिपायांना उभारी आली, त्यांनी धाकटी टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. (या घोडदळात हिअर्सी नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. चाळीस वर्षांनी बराकपूरला मंगल पांडेसमोर उभा ठाकलेला जनरल तो हाच.) इंग्रजांचे ३६७ मेले किंवा जखमी झाले, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक. या आकड्यासमोर आपल्याकडचे लोक नीट लढलेच नाहीत असं म्हणण्याचं धाडस मला होत नाही.

हल्ला आपल्या हुकमाशिवाय झाला, असं अप्पासाहेबांनी नंतर जेन्किन्सला कळवलं. २९ ला इंग्रजांची पहिली कुमक आली, डिसेंबरात डव्हटनची फौज पोचली. अप्पासाहेब शरण गेले, पण शहरातले अरब ३० डिसेंबरपर्यंत झुंजत राहिले. राजाने हात टेकल्यावरही जे दोन आठवडे लढले, त्यांच्यावर फितुरीचा शिक्का मारायला मी तरी तयार नाही.